जोडावे की तोडावे?



'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. एक अक्षर बदलले आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, असे लोक सांगत आले आहेत. आज मी जी गोष्ट सांगणार आहे तीत एकही अक्षर बदललेले नाही, काना-मात्रेचाही फरक नाही. फरक आहे तो दोन अक्षरांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेचा. एवढ्याशा जागेने माझ्या सभासदांचे बरेच दिवस खाल्ले, आणि त्यात चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती.

फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या संघाच्या दोन तक्रारी चालू होत्या. पहिली काही माणसांच्या बदल्यांची होती, दुसरी जादा कामाच्या थकलेल्या पैशांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावयाची होती, आणि ती मिळालेली नव्हती. बोलाचाली होऊन बदल्यांचा प्रश्न मिटला. रात्र झाली होती. समझोत्याचा मसुदा मीच हाताने लिहिला. मला लिहावयाचे होते, 'संघ ही तक्रार मागे घेत आहे.' घाईत 'संघ' आणि 'ही' एकमेकांना चिकटले. टंकलेखकाने समोर दिसले तसे उतरविले, 'संघही तक्रार मागे घेत आहे.' दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

फरक ध्यानात घ्या. 'संघ ही तक्रार' याचा अर्थ ही एवढीच, बदल्यांची. दुसरी तशीच उभी आहे. 'संघही तक्रार' याचा अर्थ व्यवस्थापनाप्रमाणे संघानेसुद्धा माघार घेतली. तक्रार कोणती ते मग सांगितलेलेच नाही. पुढे थकलेल्या पैशांची गोष्ट काढली तेव्हा समोरच्या बाजूने तेच कागद पुढे सरकविले आणि म्हटले, "तुम्हीही माघार घेतलीच आहे की!" शेवटी पैसे मिळाले, पण बोलणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली आणि ज्यांच्या घरी त्या पैशांची वाट पाहिली जात होती त्यांना ती आणखी पाहावी लागली. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. त्या दिवसानंतर मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' विकत आणले आणि रात्रपाळीच्या लोकांसारखा रात्री वाचू लागलो. तेव्हापासून शब्द जोडावा की तोडावा हा माझा छंद झाला आहे. पंडित म्हणून नव्हे, ठेच लागलेला वाटसरू म्हणून मी आपल्यापुढे बोलत आहे.

आता हा प्रश्न आला कोठून? आपल्या जुन्या लिखाणात तो फारसा नव्हताच. जुन्या पोथ्या पाहिल्या तर ओळीच्या ओळी सलग लिहिलेल्या दिसतात. मोडीची तर रीतच अशी की आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे टांगीत जावयाचे. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखावयाचे. कुलकर्ण्याचा तो रोजचा धंदा होता, म्हणून त्याला अडत नसे. पुढे छापखाने आले. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा लिहिली. छापलेले पुस्तक ज्यांना वाचनाची सवय नाही अशा हजारो लोकांच्या हातांत जाणार, तेव्हा शब्द सुटा सुटा दिसणे भाग पडले. म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा ही सामान्य वाचकासाठी झालेली सोय आहे. ती चुकीच्या ठिकाणी पडली तर नुकसानही सामान्य वाचकाचेच व्हावयाचे.

सगळ्या भाषांनी ही जागा सारखी ठेवलेली नाही. शेजारची हिंदी 'राम ने' असे दोन तुकड्यांत लिहिते आणि 'उसने' मात्र जोडून लिहिते. नामापासून प्रत्यय दूर आणि सर्वनामाला चिकटलेला, अशी तिची शिस्त आहे. आपण 'रामाने' असे जोडूनच लिहितो, कारण प्रत्यय लागताच आपल्याकडे मूळ शब्दाचे रूपच बदलते. 'रामा' हा तुकडा एकटा टाकला तर ती हाक होईल. जर्मन माणूस चार-चार शब्द एका माळेत ओवतो. इंग्रजाचे मन आणखी निराळे. त्याचे शब्द आधी दोन असतात, मग मध्ये लहान रेघ येते, मग रेघही जाते. 'टुडे' हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक पुस्तकांत 'टु-डे' असा छापलेला सापडेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'लॉक-आउट' आणि 'ले-ऑफ' हे शब्द रेघ घालून आहेत. आता वर्तमानपत्रे ते सर्रास एकत्र लिहितात. इंग्रजीत 'एव्हरी डे' असे दोन शब्द लिहिले तर 'दररोज', आणि जोडून लिहिले तर 'नेहमीचे, साधे'. 'मे बी' तोडले तर 'असू शकेल' आणि जोडले तर 'कदाचित'. आपल्या मुलांची इंग्रजीच्या पेपरात येथेच गाळण उडते. पण इंग्रजीची ही अडचण आपल्याला परकी वाटावयाचे कारण नाही. 'काम बंद आहे' आणि 'कामबंद आंदोलन' यांत तोच न्याय आहे. वाक्याच्या शेवटी माहिती म्हणून आले तर दोन शब्द, पुढच्या नामाचे विशेषण म्हणून आले तर एक.

आता आपल्या गावाकडचे उदाहरण घेऊ, म्हणजे समास म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळेल. येथून जवळ कुंडल आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चालले, त्याचे कुंडल हे मोठे केंद्र होते. 'प्रतिसरकार' हा एक शब्द आहे. इंग्रज सरकारला तोडीस तोड म्हणून उभे केलेले लोकांचे सरकार, असा त्याचा अर्थ. 'प्रति' येथे उपसर्ग आहे, तो एकटा उभा राहत नाही. आता हाच शब्द तोडा आणि 'प्रति सरकार' असे लिहा. अर्जाच्या डोक्यावर आपण लिहितो ना, 'प्रति, माननीय जिल्हाधिकारी'? तसे ते होते, 'सरकारला सादर'! ज्यांनी इंग्रजाकडे अर्ज करण्याचे सोडून स्वतःची न्यायदाने चालविली, त्यांच्या सरकारचे आपण एका मोकळ्या जागेने अर्जदार करून टाकतो. मी फलकांवर आणि पत्रिकांवर हे 'प्रति सरकार' पाहिले आहे. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता, पण कागदावर तो उतरला नाही.

दुसरे उदाहरण आमच्या चळवळीतले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास 'दीनबंधू' पत्र काढले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. 'दीनबंधू' म्हणजे दीनांचा बंधू. तोडून 'दीन बंधू' लिहिले तर तो स्वतःच दीन झालेला भाऊ होतो. एकात आधार देणारा आहे, दुसऱ्यात आधार मागणारा. समास जोडून का लिहावयाचा याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. दोन शब्द एकत्र येताना मधले 'चा', 'ची', 'साठी', 'आणि' हे गळून पडतात. ते गळाले आहेत याची खूण म्हणूनच दोन्ही शब्द चिकटवावयाचे.

खूण नाहीशी झाली की काय होते ते पाहा. 'पोटभर जेव' हा आग्रह आहे; 'पोट भर' ही आज्ञा आहे. 'हातमाग' हे विणकराचे साधन. 'हात माग' म्हटले तर लग्नाची बोलणी. 'पगारवाढ' ही मागणी आहे. 'पगार वाढ' असे फलकावर लिहिले की मला घरातली ताटे आठवतात, 'भाकरी वाढ, आमटी वाढ, पगार वाढ'! 'एक वेळ जेवतो' हे दारिद्र्य आहे. 'एकवेळ उपाशी राहीन, पण वाकणार नाही' हा बाणा आहे. 'चहा, पाणी' या दोन वस्तू. 'चहापाणी' म्हटले की त्यात फराळ आला, बसणे-उठणे आले, आणि काही ठिकाणी टेबलाखालचेही आले. 'मीठभाकर' म्हणताना कोणी नुसते मीठ आणि भाकरी मोजीत नाही. त्यात संसार असतो.

मग प्रत्येक वेळी ओळखावयाचे कसे? मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत. नव्या कार्यकर्त्यांनाही मी त्याच सांगतो.

पहिली कसोटी, मध्ये शब्द घालून पाहा. 'संघ ही तक्रार' यात 'संघ आज ही तक्रार' म्हणता येते. म्हणजे ते दोन शब्द. 'संघही' यात काही शिरत नाही. म्हणजे तो एक. 'पैसे मिळाले नाही तर संप' यात 'नाहीच तर', 'नाहीत, तर' अशी फट पडते; तेथे अट सांगितली आहे. 'पैसे द्या, नाहीतर संप' यात फट पडत नाही. तेथे 'किंवा' असा अर्थ आहे. 'काढून टाकले' यात 'काढून तर टाकले' म्हणता येते, म्हणून असली क्रियापदे सुटी लिहावी. 'घरभाडे' यात घर आणि भाडे यांच्यामध्ये काहीही बसत नाही.

दुसरी कसोटी, प्रत्यय लावून पाहा. 'पाणीपुरवठ्याची तक्रार' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यय शेवटाला लागतो, 'पाणी' जागचे हलत नाही. म्हणजे दोघांचा संसार एकच आहे. दोन वेगळे शब्द असते तर 'पाण्याच्या पुरवठ्याची' असे दोघांनाही आपापले वळण घ्यावे लागले असते.

तिसरी कसोटी, विशेषण कोणाचे ते पाहा. 'जुना कामगार संघ' म्हणजे संघ जुना की कामगार जुने? 'जुना कामगारसंघ' लिहिले की संघ जुना. आणि कामगार जुने असतील तर सरळ 'जुन्या कामगारांचा संघ' लिहावे. समासाचा हट्ट धरू नये. तसेच 'कामगार विरोधी धोरण' असे लिहून वाचणाऱ्याला चाचपडत ठेवण्यापेक्षा 'कामगारविरोधी धोरण' लिहावे.

'साठी', 'कडे', 'पूर्वी', 'बाहेर', 'पर्यंत' अशा शब्दांचा वर्ग निराळा. व्याकरणात त्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात. नावातच सारे आले, शब्दाशी योग पावणारी. ती मागच्या शब्दाला जोडावी. 'कारखान्याबाहेर सभा झाली' यात 'कारखान्या' हा तुकडा एकटा राहूच शकत नाही, म्हणून 'बाहेर' त्याला धरून आहे. 'साहेब बाहेर आले' यात मात्र 'बाहेर' स्वतंत्र आहे. 'दिवाळीपूर्वी बोनस मिळेल' हे मुदतीचे वचन आहे. नुसते 'पूर्वी मिळत असे' ही म्हाताऱ्यांची आठवण आहे. वचनातला 'पूर्वी' दिवाळीला घट्ट बांधलेला बरा! आणि 'साठी'ची गंमत अशी की आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा सत्कार ठरला तेव्हा निमंत्रणात लिहावे लागले, 'त्यांच्या साठीसाठी जमावे'. पहिली साठी वयाची म्हणून सुटी, दुसरी अव्ययाची म्हणून जोडलेली. उपसर्गांचेही असेच. 'गैरहजर', 'बिनपगारी', 'भरपगारी', 'बेकायदा', 'उपाध्यक्ष' हे जोडून. 'माजी अध्यक्ष' मात्र सुटे, कारण 'माजी' हे विशेषण आहे. 'न करता', 'न सांगता' यांतला 'न' सुटा लिहावयाचा.

येथे कोणी विचारील, मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत ना? आहेत. १९६२ साली चौदा नियम मान्य झाले आणि १९७२ साली आणखी चार जोडले गेले. पण त्यांचा भर अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर आहे. तरी त्यांचा आपल्या प्रश्नाशी एक जवळचा संबंध येतो. 'कृती', 'क्रांती', 'शक्ती' हे शब्द सुटे असताना आपण शेवटी दीर्घ लिहितो. समासात पहिल्या जागी आले की तेच ऱ्हस्व होतात. म्हणून 'कृती समिती' तोडून लिहिली तर दीर्घ, 'कृतिसमिती' जोडली तर ऱ्हस्व. 'क्रांतिसिंह' यात ऱ्हस्व येतो तो याच न्यायाने. जोडावे की तोडावे हे आधी ठरल्याशिवाय वेलांटी कोणती द्यावी हेही ठरत नाही.

तरीही सगळे समास जोडलेच पाहिजेत असे मी म्हणत नाही. ज्या व्याख्यानमालेच्या मंडपात आपण बसतो तिचेच नाव पाहा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास जी प्रथा घातली ती 'वसंत व्याख्यानमाला'. 'व्याख्यानमाला' जोडलेली आणि 'वसंत' सुटा! 'सहकारी साखर कारखाना', 'महागाई भत्ता', 'कामगार कल्याण निधी' हेही आपण तोडूनच लिहितो. याची दोन कारणे मला दिसतात. एक, यांतली पुष्कळ नावे इंग्रजीवरून आली, आणि इंग्रजीत असे शब्द सुटे असतात. दुसरे, तीन-चार शब्द एकत्र केले की डोळ्यांना दम लागतो. म्हणून व्यवहार असा ठेवावा. दोन शब्दांचा समास जोडावा; तीन झाले की अर्थ पाहून एक जोड ठेवावी किंवा मध्ये लहान रेघ द्यावी; चार असतील तर समास सोडून साधे वाक्य करावे. किर्लोस्करवाडीसारखे गावाचे नाव एका दमात म्हटले जाते, ते एकच शब्द. आणि नोंदणी झालेल्या संस्थेचे नाव मात्र नोंदणीच्या दाखल्यावर जसे असेल तसेच्या तसे लिहावे, मग ते व्याकरणाला रुचो वा न रुचो. तेथे व्याकरणापेक्षा खाते मोठे.

ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, कारण आता माणसाच्या नावावरही तीच पाळी आली आहे. आपल्या सांगली-साताऱ्याकडे दादासाहेब, बाळासाहेब, आप्पासाहेब अशी नावे घरोघर आहेत. ही पाळण्यातली नावे आहेत. यांत 'साहेब' हा मान नव्हे, नावाचाच भाग. समजा, एका दादासाहेबाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक शब्द आहे. कारखान्याच्या हजेरीपटावर कारकुनाने आखडून 'दादासो' केले. आधारपत्रावर नोंदणाऱ्याने 'दादा साहेब' असे दोन शब्द टाकले. यंत्राला 'दादा' हे नाव आणि 'साहेब' हे बापाचे नाव वाटते. माणूस हयात असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो निवृत्त झाला, किंवा गेला आणि त्याची बायको भविष्यनिर्वाह निधीसाठी उभी राहिली, की तीन कागदांवरची तीन माणसे एकच आहेत हे तिला सिद्ध करावे लागते. ज्या नवऱ्याबरोबर जन्म काढला तो एक होता की तीन, याचे शपथपत्र! अशी कित्येक प्रकरणे मी हाताळली आहेत. म्हणून हात जोडून सांगतो, आज घरी गेल्यावर आपले सगळे कागद एका जागी मांडा आणि नाव सगळीकडे एकसारखे जोडलेले किंवा एकसारखे तोडलेले आहे ना ते पाहा. फरक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. कष्ट करून साठविलेला पैसा मोकळ्या जागेत अडकू देऊ नका.

एक गोष्ट आणखी सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ व्हावयाचा. ज्याला लिहिता येते त्याने नीट लिहावे यासाठी हे सारे आहे; ज्याला येत नाही त्याला हसण्यासाठी नव्हे. ऊसतोडणीच्या बाईने वेडेवाकडे जोडून-तोडून लिहिलेला अर्ज माझ्या हाती आला तर तो मी पोथीसारखा अर्थ लावून वाचतो. कचेरीनेही तसाच वाचावा. अर्जातल्या अन्यायाकडे पाहावयाचे सोडून अशुद्धाकडे बोट दाखवणे ही कामचुकारपणाची एक जुनी रीत आहे. पण जो दुसऱ्यांच्या वतीने लिहितो, म्हणजे संघाचा चिटणीस, सोसायटीचा सचिव, वकील, शिक्षक, पत्रकार, त्याला ही सवलत नाही. त्याच्या हातून सुटलेल्या जागेत दुसऱ्याचे पोट अडकते.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. सहीपूर्वी कागद मोठ्याने वाचावयाचा, तोही ज्याने तो लिहिलेला नाही अशा माणसाकडून. वाचताना तो जेथे अडखळेल तेथे जागा चुकलेली असते. बोलताना आपण कधी चुकत नाही. 'संघ ही' आणि 'संघही' यांचा हेल अडाणी माणसालाही बरोबर ठाऊक असतो. तोंडातली ती समज कागदावर आणावयाची, एवढेच काम. त्या रात्री मी एकदा कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतला असता, तर आज हे व्याख्यान देण्याची पाळी आली नसती.